सिंथेटिक ऑइल : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींत (२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या निघालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आता त्या मोडतात) मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. संत्र्याच्या बागेपासून बाजारापर्यंत आणि तहसील कचेरीपासून सावनेरपर्यंत शेतकऱ्याचे सारे व्यवहार तिच्यावरच अवलंबून असतात. असे असूनही तिच्या इंजिनात कोणते ऑइल घालावे याविषयी इकडे इतके प्रवाद रूढ आहेत, की त्यांची तपशीलवार छाननी करणे अगत्याचे वाटते.

त्यांतला सर्वांत चिवट प्रवाद असा, की सिंथेटिक ऑइल घातले की क्लच घसरू लागतो. हा समज निराधार नाही, पण दोषाचा रोख मात्र त्यात चुकला आहे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल पुरवावे लागते, आणि क्लचच्या प्लेटांची पकड घर्षणावरच टिकून असते. मोटारीच्या कित्येक ऑइलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तसले ऑइल दुचाकीत ओतले तर पकड सैल होणे स्वाभाविक आहे, मग ते सिंथेटिक असो वा खनिज. याच कारणास्तव जपानमध्ये १९९८ साली ‘जासो’ प्रमाण अमलात आले. त्यातील ‘एमए’ आणि ‘एमए२’ या श्रेणी ऑइलात बुडालेल्या क्लचसाठी आहेत, तर ‘एमबी’ ही कमी घर्षणाची श्रेणी मुख्यत्वे स्कूटरसाठी आहे. ज्या डब्यावर ‘एमए२’ नमूद आहे, त्यातील सिंथेटिक ऑइलाने सुस्थितीतील क्लच घसरण्याचे कारण नाही.

एकदा सिंथेटिक वापरले की पुन्हा साध्या ऑइलाकडे परतता येत नाही, असेही सांगितले जाते. ‘सेमी-सिंथेटिक’ या नावाने दोहोंचे मिश्रण राजरोस विकले जाते, एवढा एकच दाखला या समजाच्या खंडनास पुरेसा आहे. जुने ऑइल नीट निथळू दिले की तळाशी उरलेल्या अंशाने अपाय होत नाही. सील गळू लागण्याची भीती आरंभीच्या काळातील काही सिंथेटिक ऑइलांपुरती खरी होती. आजच्या ऑइलांत सीलांना सोसेल अशी योजना केलेली असते. तरीही गळती दिसलीच, तर झिजलेले सील बदलावे.

आमच्याकडील उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा सिंथेटिक ऑइल पातळ पडून निकामी होते, ही समजूत तर वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. ‘१०डब्ल्यू-३०’ यातील तीस हा आकडा शंभर अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहील हे ठरवतो, आणि ती मर्यादा खनिज व सिंथेटिक या दोघांनाही सारखीच लागू असते. उलट अतिउष्णतेत हवेशी संयोग पावून घट्ट होणे आणि वाफ होऊन उडून जाणे, या दोन्ही दोषांना सिंथेटिक ऑइल अधिक काळ दाद देत नाही. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीच्या घाटात, मागे ओझे लादून खालच्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीच्या इंजिनाला वारा अपुरा मिळतो. सिंथेटिकची खरी उपयुक्तता अशा ठिकाणी प्रत्ययास येते.

परंतु याच गुणामुळे दुसऱ्या टोकाचा गैरसमज फोफावला, आणि माझ्या मते तोच अधिक घातक आहे : सिंथेटिक घातले, आता दुप्पट किलोमीटरपर्यंत ऑइल बघायला नको. लहान मोटारसायकलीत ऑइल मावते जेमतेम लिटरभर. गिअरचे दाते त्यातील दाटपणा राखणारे दीर्घ रेणू सतत तोडत असतात, आणि गाव ते बाग अशा तुटक फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नसल्याने इंधनाचा अंश व दमटपणा त्यात साचत जातो. मूळ ऑइल कितीही उत्तम असले तरी या कारणांपासून त्याची सुटका नाही. सबब निर्मात्याच्या पुस्तिकेत नेमून दिलेली मुदतच अंतिम मानावी. ऑइल काळे पडले म्हणजे ते संपले, हे मात्र खरे नव्हे. काजळी आपल्यात धरून ठेवणे हेही त्याचे एक कर्तव्यच आहे.

रोजच्या शंभर सी. सी. च्या गाडीला पुस्तिकेने मान्य केलेले खनिज ऑइल वेळेवर बदलत राहिले, तर सिंथेटिकचा जादा खर्च करण्याची निकड नाही. घाटातून नित्य ओझे वाहणाऱ्याने तो जरूर करावा. मात्र कोणतेही ऑइल घेतले तरी पैसे देण्यापूर्वी डब्याच्या मागील बाजूचे दाटपणाचे आकडे आणि ‘जासो’ची श्रेणी आपल्या पुस्तिकेशी पडताळून पाहावी, आणि मिस्त्रीलाही तो डबा आपल्यासमोरच उघडायला सांगावे.