प्रश्नपत्रिका मराठीत आहे, पण सीमेपलीकडे

बारावीचा निकाल लागला की आमच्या जोयडा तालुक्यात शिक्षकाच्या अंगणात दोन-चार पालक येऊन बसतात. कुणी डिग्गीकडचा, कुणी कुंभारवाड्याकडचा, कुणी रामनगरचा. बोलणे पावसापाण्यावरून सुरू होते आणि शेवटी एकाच प्रश्नावर येते, ''सर, पोरगी हुशार आहे. डॉक्टर होईल काय?''

हा प्रश्न या तालुक्यात हौसेने विचारला जात नाही. क्षेत्राने मोठा, वस्तीने विरळ असा हा मुलूख. सुपे गाव काळी नदीच्या धरणाखाली गेले, माणसे रामनगरला येऊन वसली, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. आजही रात्री-अपरात्री माणूस आजारी पडला तर दांडेली गाठायची, नाही तर बेळगाव, नाही तर अनमोड घाट उतरून गोव्यातले बांबोळी. म्हणून आपल्यातलेच एखादे मूल डॉक्टर होऊन परत यावे असे आईबापांना वाटते. त्या मुलाची निवड कशी होते आणि त्यात आपली मराठी शाळा कुठे बसते, हे आज सीमाभागातील वाचकांपुढे मांडायचे आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

माझी चूक

२०१८ सालच्या नोव्हेंबरात माझी एक माजी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. पहिली ते दहावी मराठी माध्यम. एसएसएलसीला ६२५ पैकी ५८१ गुण. पुढे पीयूसीला विज्ञान शाखा. तिथे मराठी माध्यम नाही, म्हणून इंग्रजी. पुढच्या मे महिन्यातल्या 'नीट'चा अर्ज भरायला आम्ही तिघे एका संगणक केंद्रात बसलो. प्रश्नपत्रिकेच्या भाषेच्या रकान्यात मराठी दिसली. मला आनंद झाला. म्हटले, मराठीच भर.

पुढे परीक्षा केंद्राच्या शहरांची यादी उघडली. तीत बेळगाव नाही, हुबळी नाही. सगळी शहरे महाराष्ट्रातली. आधी वाटले, यंत्रात काही बिघाड असेल. मग माहितीपुस्तिका वाचली, तेव्हा नियम कळला. इंग्रजी आणि हिंदी प्रश्नपत्रिका देशभर कुठेही मिळते. प्रादेशिक भाषेतली मात्र त्या त्या राज्यातल्याच केंद्रावर मिळते. कर्नाटकात कन्नड, महाराष्ट्रात मराठी. कर्नाटकात राहणाऱ्या मराठी मुलाचा विचार नियम करणाऱ्याच्या मनात आलेलाच नव्हता.

आम्हाला जवळचे म्हणजे कोल्हापूर, दोनशे किलोमीटरच्या आसपास. आदल्या दिवशी निघायचे, मुक्काम करायचा, दोघांचा खर्च. शिवाय मला वाटले, दोन वर्षे इंग्रजीतून शिकली आहे, आता मराठीने गोंधळच होईल. वडील म्हणाले, ''सर, तुम्ही म्हणाल तसं.'' मी म्हणालो, ''इंग्रजी भर, बेळगावला जाऊया.''

त्याच पुस्तिकेत पुढे लिहिले होते की प्रादेशिक भाषेची प्रश्नपत्रिका दुभाषी असते, म्हणजे प्रत्येक प्रश्न त्या भाषेतही असतो आणि इंग्रजीतही. ती ओळ मी नंतर वाचली. मराठीत संकल्पना पक्की झालेल्या आणि इंग्रजीत संज्ञा शिकलेल्या मुलीला हवा होता तो नेमका असाच कागद. ७२० पैकी ३१८ गुण मिळाले आणि सरकारी जागेपासून ती लांबच राहिली. मराठी कागद असता तर जागा मिळालीच असती, असे मी म्हणणार नाही. पण तिला पूर्ण संधी मिळाली, असेही मला म्हणता येत नाही.

पंचेचाळीस मिनिटांचा हिशेब

'नीट'मध्ये १८० प्रश्न आणि १८० मिनिटे. एका प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकले तर १ गुण वजा. आता ज्या मुलाला इंग्रजी वाक्य वाचून मनात मराठीत घोळवावे लागते, त्याला प्रत्येक प्रश्नामागे फक्त १५ सेकंद जास्त लागतात असे धरा. १८० प्रश्नांचे झाले २७०० सेकंद, म्हणजे ४५ मिनिटे. भौतिकशास्त्राचे प्रश्नच मुळी ४५ असतात. एक अख्खा विषय भाषांतरात वाहून गेला. त्या मुलाला भौतिकशास्त्र येत नव्हते, असा निष्कर्ष गुणपत्रिकेवरून निघतो. तो खरा नसतो.

आम्हाला बी.एड.ला दोन शब्द घोकून घेतले होते, विश्वसनीयता आणि सप्रमाणता. तराजूत तोच दगड दहा वेळा टाकला आणि दहा वेळा तेच वजन आले, तर तराजू विश्वसनीय. पण जे मोजायचे म्हणून तराजू मांडला तेच तो मोजतो का, ही झाली सप्रमाणता. जीवशास्त्र मोजायला बसलेली परीक्षा वाटेत इंग्रजी वाचनाचा वेगही मोजत असेल, तर ती आपल्या मुलांपुरती अप्रमाण ठरते.

नुसता अनुवाद झाला म्हणजेही काम झाले असे नाही. २०१८ च्या 'नीट'च्या तमिळ प्रश्नपत्रिकेत ४९ प्रश्नांच्या अनुवादात चुका असल्याची तक्रार झाली. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने प्रत्येक प्रश्नाला ४ याप्रमाणे १९६ गुण द्या, असा निकाल दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. अर्थाबद्दल शंका आली तर इंग्रजी पाठ प्रमाण, हा परीक्षेचा नियमच आहे. म्हणून कागद दुभाषी असणे महत्त्वाचे.

गुण की चाचणी?

कोणी म्हणेल, मग प्रवेश परीक्षाच नको, बारावीच्या गुणांवर प्रवेश द्या. हे इतके सोपे नाही. पूर्वी तसेच होते. पण बोर्डे अनेक, प्रत्येकाची गुण देण्याची रीत वेगळी, कुठे कॉपीचा सुकाळ, आणि खासगी महाविद्यालयांत देणगीचा बाजार. कॅपिटेशन फीविरुद्ध कर्नाटकाला १९८४ साली कायदा करावा लागला. कर्नाटकात १९९४ पासून आणि महाराष्ट्रात १९९९ पासून सामायिक प्रवेश परीक्षा आली, तेव्हा गरिबाच्या मुलालाही हायसे वाटले होते. 'नीट' २०१३ साली प्रथम झाली, त्याच वर्षी न्यायालयाने रद्द केली आणि २०१६ पासून कायम झाली. आता बारावीच्या गुणांचे काम एवढेच, की खुल्या वर्गाला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के हवेत. त्यापुढे ५१ टक्के आणि ९८ टक्के सारखेच. दोन वर्षांचा अभ्यास तीन तासांपुढे शून्य ठरतो.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'नीट' ही अभियोग्यता चाचणी, म्हणजे आपण जिला कल चाचणी म्हणतो ती, नव्हे. ती अकरावी-बारावीचाच अभ्यासक्रम वेगाने विचारणारी संपादन चाचणी आहे. खरी अभियोग्यता चाचणी इंग्लंडात आहे. तिथे २००६ पासून वैद्यकीय प्रवेशासाठी तर्क, आकलन, आकडेमोड यांची वेगळी परीक्षा घेतात. शाळेचे गुण फुगले आहेत, चाचणीने जन्मजात बुद्धी दिसेल आणि गरिबाच्या मुलाला वाट मिळेल, अशी आशा होती. २०१३ साली तिथल्या १२ वैद्यकीय महाविद्यालयांतल्या सुमारे ४८०० विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षी कोण चांगले करेल, याचा अंदाज चाचणीपेक्षा शालेय परीक्षांच्या गुणांवरून अधिक चांगला येत होता. दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. सारखेच गुण घेऊन आलेल्या दोघांपैकी जो कमी निकालाच्या साध्या शाळेतून आला होता, तो पुढे सरस ठरत होता. शिक्षकाला यात नवल वाटत नाही. शिकवणीशिवाय, विजेशिवाय, तीन किलोमीटर चालून मिळवलेले ८० टक्के किती वजनाचे असतात, हे आम्ही रोज पाहतो.

आपल्या महाराष्ट्रातही वेगळे प्रयोग झाले. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. तिच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत विज्ञानाबरोबर गांधीविचारांचा एक पेपर असे. खेड्यात काम करायचे तर आधी त्या विचारांची ओळख असावी, हा हेतू. 'नीट' आल्यावर तो पेपर गेला. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात उमेदवारांना काही दिवस ठेवून, मुलाखती घेऊन पारखत असत. त्यांनी २०१७ साली विरोध म्हणून एमबीबीएसच्या १०० जागांपैकी एकच भरली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात मात्र आजही 'नीट'नंतर वेगळी चाचणी आणि मुलाखत होते. म्हणजे सैन्याला कसा डॉक्टर हवा, हे पाहायला वाव आहे. जोयड्याला कसा डॉक्टर हवा, हे पाहायला मात्र नाही.

तमिळनाडूचा धडा

तमिळनाडूत 'नीट'पूर्वी काही वर्षे बारावीच्या गुणांवर प्रवेश होत. निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ साली जो अहवाल दिला, त्यात तमिळ माध्यमाच्या मुलांचा वाटा आधी शेकडा चौदा-पंधरा होता, तो 'नीट'नंतर दोन-तीनवर आल्याचे दिसते. त्या सरकारने रडत न बसता २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या.

कर्नाटकानेही जुलै २०२४ मध्ये विधानसभेत 'नीट'विरुद्ध ठराव केला. ग्रामीण मुलांवर अन्याय होतो, हे त्यातले म्हणणे. ते योग्यच आहे. कर्नाटकात पहिली ते दहावी खेड्यात शिकलेल्यांना १५ टक्के आणि कन्नड माध्यमातून शिकलेल्यांना ५ टक्के जागा आहेत. ग्रामीण सवलत आपल्या मुलांनाही मिळते. पण माध्यमाची सवलत कन्नडलाच. मातृभाषेतून शिकलेले मूल इंग्रजी शाळेच्या मुलापुढे मागे पडते, हे सरकारला कन्नडच्या बाबतीत पटले आहे. त्याच राज्यातल्या, त्याच अभ्यासक्रमाच्या मराठी शाळेतले मूल तसेच मागे पडते, हे का पटू नये? घटनेच्या ३५० (अ) कलमाने भाषिक अल्पसंख्याकांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय द्यायला सांगितले आहे. सोय द्यायची आणि ती घेतली म्हणून पुढे दार अरुंद करायचे, ही कोणती रीत?

मागणे काय?

मागणी नेमकी हवी. पहिली, बेळगाव, हुबळी आणि कारवार भागातल्या केंद्रांवर मराठी-इंग्रजी दुभाषी प्रश्नपत्रिका मिळावी. यासाठी कायदा बदलायला नको, नियमातली एक ओळ बदलली की पुरे. दुसरी, माध्यमाच्या ५ टक्क्यांत राज्यातील मराठी माध्यमाची मुलेही धरावीत. तिसरी, बारावीच्या गुणांना काही वजन द्यावे. कर्नाटकात अभियांत्रिकीला पीयूसी आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरतात, मग वैद्यकीयला अगदी शून्य कशासाठी? आमच्या तालुक्याच्या समितीच्या बैठकीत मी हे तीन मुद्दे मांडले आहेत. इतर तालुक्यांनीही ठराव करून पाठवावेत.

आणि आपल्या हातात जे आहे ते आधी करू. महाराष्ट्र शासनाने ८६५ सीमागावांतील मराठी भाषक मुलांसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मोजक्या का होईना, जागा ठेवल्या आहेत. त्यांनाही 'नीट'चेच गुण लागतात, आणि रहिवासाचे, भाषेचे दाखले लागतात. ते ऐन वेळी धावपळ करून मिळत नाहीत. दहावीपर्यंतचे शाळेचे दाखले, ग्रामीण शिक्षणाचे प्रमाणपत्र अकरावीतच काढून ठेवा. अर्ज भरताना भाषेचा रकाना घाईने भरू नका. मूल मराठी माध्यमातले असेल तर एक सराव प्रश्नपत्रिका इंग्रजीतून आणि एक दुभाषी, अशा दोन घड्याळ लावून सोडवून घ्या. फरक दिसला तर कोल्हापूरचा प्रवास महाग नाही. एकट्या घराला झेपत नसेल तर गावाने वर्गणी काढावी. देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण काढतोच.

ती मुलगी पुढे परिचर्येचा अभ्यासक्रम करून गोव्यात नोकरीला लागली. गेल्या चतुर्थीला गावी आली, तेव्हा रक्तदाब मोजायचे यंत्र घेऊन आली होती. आरती झाल्यावर वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तिने ओटीवर बसवले, नावे वहीत लिहिली, गोळ्या कुणी मध्येच सोडल्या ते विचारून घेतले. माझाही हात पुढे केला. ''सर, जास्त आहे. मीठ कमी करा,'' म्हणाली. वहीत माझे नाव नवव्या क्रमांकावर होते.

यंदा तिचा धाकटा भाऊ बारावीला आहे. त्याचा अर्ज भरताना मी पुन्हा शेजारी बसणार आहे, आणि या खेपेला पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचून.