अडचणीच्या जागेंत व्यक्तिचित्र कसें काढावें

माणसाची छबी काढणें ही गोष्ट आतां इतकी सोपी झाली आहे कीं, खिशांत कॅमेरा असलेला मोबाईल नाहीं असा गृहस्थ शहरांत विरळाच. तथापि घरोघरीं भिंतीवर लावलेल्या तसबिरी लक्षपूर्वक पाहिल्या तर असें दिसून येतें कीं, त्यांपैकीं पुष्कळांत माणूस ओळखूं येतो, पण तो जसा होता तसा दिसत नाहीं. आजोबांचें नाक नसतें तेवढें मोठें दिसतें. आजीच्या डोक्यामागें भिंतीवर काळीकुट्ट सावली पडलेली असते. एक गाल पांढराफटक तर दुसरा अंधारांत बुडालेला. हे दोष बहुधा जागेच्या तोकडेपणांतून उद्भवतात. आपल्यांपैकीं पुष्कळांचीं घरें लहान आहेत. घरांतील वृद्ध माणसास स्टुडिओपर्यंत नेणें दरवेळीं शक्य नसतें. छबी काढावयाची ती त्याच दहा-बारा फुटांच्या खोलींत, आणि पुन्हां तशी संधि येईलच असा भरंवसा नाहीं. म्हणून अशा खोलींतही माणसाशीं इमान राखणारें चित्र कसें साधतें, याचा थोडा विचार आम्ही येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवूं इच्छितों.

घराच्या आंत छबी काढण्याची अडचण या कलेइतकीच जुनी आहे. इ. स. १८३९ मध्यें पॅरिस येथें दागेर याची पद्धति जाहीर झाली, तेव्हां प्रकाशाचा ठसा उमटण्यास फार वेळ लागत असे. म्हणून पुढें छबी काढून घेणाऱ्यास कांचेच्या छपराखालीं बसवीत आणि मान हलूं नये यासाठीं मागून लोखंडी आधार लावीत. आपल्या देशांतही ही विद्या लौकरच आली. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, व डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते.

जागेच्या अडचणीवर मात करणारांमध्यें ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचें उदाहरण विशेष बोधप्रद आहे. त्यांचा जन्म १८१५ सालीं कलकत्त्यास झाला. पुढें इंग्लंडांतील वाइट बेटावर राहत असतां १८६३ च्या डिसेंबरांत मुलीनें व जांवयानें त्यांस एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळीं त्यांचें वय ४८ वर्षांचें होतें, आणि चित्रशाळा म्हणावी अशी जागा त्यांच्यापाशीं नव्हती. त्यांनीं कोळशाच्या कोठाराची अंधारी खोली केली, आणि कांचा लावलेलें कोंबड्यांचें खुराडें रिकामें करून तेथें माणसें बसविण्यास आरंभ केला. गडद पार्श्वभूमि, बेताचा उजेड आणि समोर केवळ चेहरा, एवढ्याच सामग्रीवर त्यांनीं काढलेलीं चित्रें आज मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेलीं आहेत. टेबल, कुंड्या, रंगीत पडदे यांस वाव नसला म्हणजे दृष्टि आपोआप माणसाच्या मुखावर स्थिर होते, हा त्यांच्या चित्रांतून मिळणारा पहिला धडा होय.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अडचणीच्या खोलींत सर्वांत दुर्मिळ वस्तु कोणती, असें विचारल्यास बहुतेक लोक प्रकाश असें उत्तर देतील. पण दिवा विकत आणतां येतो. विकत आणतां येत नाहीं तें अंतर. आणि चेहऱ्याचें रूप खरें उमटणें हें सर्वस्वीं अंतरावर अवलंबून असतें. हें गणितानें सहज पटेल. नाकाच्या शेंड्यापेक्षां कान सुमारें १२ सेंटिमीटर मागें असतात असें धरूं. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरांवर असेल तर तो कानांपासून ५२ सेंटिमीटरांवर असतो. वस्तु जितकी दूर तितकी तिची प्रतिमा लहान, या नियमानें नाक कानांच्या मानानें ५२ भागिले ४०, म्हणजे १.३ पट मोठें उमटतें. तोच कॅमेरा २ मीटर मागें नेला तर हें प्रमाण २१२ भागिले २००, म्हणजे केवळ १.०६ राहतें. शेंकडा ३० ची अतिशयोक्ति शेंकडा ६ वर येते, आणि ती डोळ्यांस जाणवतही नाहीं.

याचा दोष पुष्कळजण भिंगास देतात. रुंद दृश्य टिपणारें भिंग चेहरा बिघडवतें, असा समज आहे. वस्तुतः असें भिंग आपणांस जवळ जाण्याचा मोह पाडतें, आणि बिघाड होतो तो जवळ गेल्यामुळें. याचा पडताळा कोणत्याही विद्यार्थ्यानें घरीं घ्यावा. मित्रास बसवून मोबाईलनें एक छायाचित्र हातभर अंतरावरून व एक सहासात फुटांवरून घ्यावें. दुसऱ्यांतील चेहऱ्याभोंवतींचा भाग कापून तो पहिल्याएवढा मोठा करावा आणि दोन्ही शेजारीं ठेवून पाहावीं. भिंग एकच असूनही दोन निराळीं माणसें पाहत आहों असा भास होईल. यावरून पहिला नियम निघतो: पावलें मागें घ्यावीं, आणि नको असलेला भाग मागाहून कापावा.

पण मागें घेणार कोठें? येथें खोलीचा हिशेब मांडावा लागतो. खोली ९ फूट रुंद व १२ फूट लांब आहे असें समजूं. माणूस मागच्या भिंतीपासून निदान ३ फूट पुढें बसला पाहिजे. त्याचें कारण पुढें येईल. कॅमेरा, त्याची तिवई आणि काढणारा यांस २ फूट लागतात. रुंदीच्या बाजूनें पाहिल्यास मध्यें फक्त ४ फूट उरतात. लांबीच्या बाजूनें ७ फूट. भूमिति शिकलेल्या मुलास लगेच सुचेल कीं, या खोलीचा कर्ण १५ फूट आहे, तेव्हां कोपऱ्यांतून कोपऱ्याकडे चित्र घ्यावें. कल्पना चांगली आहे, परंतु कोपरे आपला कर वसूल करतात. कोपऱ्यावर आडवा ४ फुटांचा पडदा लावला कीं त्यामागें सुमारें २ फूट वायां जातात. समोरच्या कोपऱ्यांत तिवई व माणूस अडीच फूट व्यापतात. पडद्यापुढचे ३ फूट वजा जातां हातीं साडेसात फूट राहतात. म्हणजे लांबीच्या मानानें लाभ केवळ अर्ध्या फुटाचा. त्याऐवजीं लांबीच्या टोकास दार असेल तर तें उघडून कॅमेऱ्यासह बाहेरच्या ओटीवर किंवा चाळीच्या गॅलरींत उभें राहावें. तेवढ्यानें ९ फूट मिळतात. खोलीचें दार हें अशा वेळीं सर्वांत उपयुक्त साधन ठरतें.

भिंगाची निवड या अंतरावरून करावी. ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद चौकटीच्या कॅमेऱ्यास ८५ मिलिमीटरचें भिंग लावून तो उभा धरला, तर ७ फुटांवरून सुमारें ९० सेंटिमीटर उंचीचा भाग चित्रांत येतो; डोकें, खांदे व छाती यांस तो पुरेसा आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगानें त्याच जागेवरून सुमारें दीड मीटर येतो, म्हणजे खुर्चीवर बसलेला माणूस पावलांसकट मावतो. उभ्या माणसाचें पूर्ण चित्र हवें असल्यास दाराबाहेरचे ९ फूट व ५० मिलिमीटरचें भिंग मिळून जेमतेम काम भागतें. त्याहून लहान खोलींत पूर्णाकृति चित्राचा हट्ट सोडून अर्धचित्रावर संतोष मानणें शहाणपणाचें.

आतां ते ३ फूट कां सोडावयाचे तें सांगतों. माणूस भिंतीस टेकून बसला कीं दिव्याची सावली त्याच्या कानामागेंच उमटते, आणि चेहऱ्याची बाह्यरेषा त्या काळोखांत मिसळते. तो पुढें सरकला आणि दिवा थोडा उंच व बाजूस ठेवला म्हणजे सावली खालीं व कडेला जाऊन चौकटीच्या बाहेर पडते. शिवाय भिंतीचे पोपडे, खिळे, दिनदर्शिका हीं किंचित अस्पष्ट होतात व लक्ष वेधून घेत नाहींत.

प्रकाशाविषयीं एक नियम शाळेंत शिकविला जातो: लहान दिव्यापासून अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाई होतो. मोठ्या दिवाणखान्यांत हा नियम फारसा त्रास देत नाहीं. लहान खोलींत मात्र दिवा माणसाच्या अगदीं जवळ येतो आणि नियम आपला प्रताप दाखवितो. दोन भावंडें शेजारीं बसलीं, एक दिव्यापासून २ फुटांवर व दुसरें ४ फुटांवर, तर पहिल्यावर दुसऱ्याच्या चौपट उजेड पडतो. एक गाल पांढराफटक होण्याचें कारण हेंच. यास सोपा उपाय असा कीं, दिव्याचें तोंड माणसाकडे न करतां पांढऱ्या छताकडे किंवा भिंतीकडे करावें. तेथून परतणारा उजेड विस्तीर्ण पृष्ठभागावरून येतो. म्हणून तो सर्वत्र सारखा पसरतो आणि सावल्यांच्या कडा मऊ होतात. लहान खोलींत छत व भिंती जवळ असल्यामुळें ही युक्ति उलट अधिक चांगली साधते. अडचणीचें असें सोयींत रूपांतर करणें हेंच या धंद्यांतील खरें कसब.

परंतु ही युक्ति पांढऱ्या भिंतींपुरतीच लागू आहे. आपल्याकडे जुन्या घरांत भिंतींस हिरवा किंवा निळा ऑइलपेंट देण्याची चाल आहे. अशा भिंतीवरून परतलेला उजेड तिचा रंग बरोबर घेऊन येतो, आणि गोऱ्या-सांवळ्या कोणत्याही गालावर आजाऱ्याची कळा आणतो. तेव्हां चौकटीबाहेरच्या भिंतीवर एक पांढरी चादर टांगावी. त्याचप्रमाणें खिडकीचा उजेड घेत असतां ट्यूबलाइट मालवावी. दोहोंच्या प्रकाशाची छटा निराळी असते आणि चेहऱ्याच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात.

दिवे नसले तरी हिरमुसण्याचें कारण नाहीं. ज्या खिडकींतून प्रत्यक्ष ऊन येत नाहीं ती खिडकी उत्तम दिवा आहे. ऊन येत असेल तर तिच्यावर पातळ पांढरें धोतर किंवा मलमल ताणून बांधावी. माणसास खिडकीपासून तीनचार फुटांवर, खिडकी त्याच्या बाजूस व किंचित समोर येईल असें बसवावें. दुसऱ्या गालाकडे पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोलचा तक्ता धरावा; तो जवळ आणावा तशी सावली उजळते, दूर न्यावा तशी गडद होते. सावली अजीबात पुसूं नये. सुरकुत्यांतूनच वृद्ध मुखाचा इतिहास वाचावयाचा असतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, आणि बुबुळांत खिडकीचा लहानसा ठिपका चमकतो आहे ना तें पाहावें. त्या ठिपक्यानें चेहऱ्यास जिवंतपणा येतो.

तोकड्या जागेचा उपयोग कोणी मुद्दामही केला आहे. न्यूयॉर्क येथील विख्यात छायाचित्रकार अर्विंग पेन यांनीं १९४८ सालीं आपल्या प्रशस्त स्टुडिओंत दोन उंच तक्ते कोनांत जोडून एक चिंचोळा कोपरा तयार केला, आणि नामांकित लेखक, चित्रकार व नट यांस त्यांत उभें केलें. कोणी भिंतींस हात टेकून उभा राहिला, कोणी अंग चोरून घेतलें; ज्याचा जो स्वभाव तो त्या कोपऱ्यांत प्रगट झाला. जागा ज्यांस मुबलक होती त्यांसही अडचण हवीशी वाटली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

शेवटीं माणसाविषयीं दोन शब्द. लहान खोलींत छबी काढावयाची म्हटली कीं घरांतील सारीं मंडळी दाराशीं जमतात, सूचना देतात, हंसतात. त्यामुळें मध्यें बसलेला माणूस अवघडून जातो. अशा वेळीं इतरांस नम्रपणें थोडा वेळ बाहेर जाण्यास सांगावें. विजेच्या तारा कोणाच्या पायांत येणार नाहींत अशा कडेनें न्याव्या. उकाड्यांत पंखा बंद ठेवून वृद्धांस ताटकळत बसवूं नये. सर्व तयारी आधीं दुसऱ्या कोणास बसवून करावी, आणि मगच आजोबांस किंवा आजीस बोलवावें. आजीस पदर सारखा करूं द्यावा, आजोबांस टोपी नीट बसवूं द्यावी, आणि त्यांच्याशीं चार गोष्टी बोलाव्या. बोलतां बोलतां जो क्षणभर विसांवा मुखावर येतो तोच टिपावयाचा.

ज्यांच्या घरीं जागा थोडी, त्यांच्या चेहऱ्यांची नोंद कमी खरी असावी असा कोठेंही नियम नाहीं. पुढच्या पिढीस पणजोबा कसे होते हें त्या एका तसबिरीवरूनच कळावयाचें आहे. त्यासाठीं मोठा दिवाणखाना लागत नाहीं. उघडें दार, एक खिडकी, एक पांढरी चादर आणि दोन पावलें मागें सरण्याचा विवेक एवढें असलें तरी पुरेसें आहे. येत्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या घरांतील सर्वांत वडील माणसाची अशी एक छबी काढावी आणि ती कागदावर छापून घ्यावी, अशी आमची त्यांस सूचना आहे.