तान्ह्या मुलाचें पासपोर्टचें छायाचित्र

बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली मुलगी, तिचा नवरा नोकरीनिमित्त परदेशीं, आणि मांडीवर दीड महिन्याचें मूल, हें दृश्य महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत आज पाहावयास मिळतें. बापानें मुलाला अद्याप हातांत घेतलेलें नसतें. बारसें झालेलें असतें, ठेवलेलें नांव जन्माच्या दाखल्यावर चढलेलें असतें, विमानाच्या तिकिटांची चौकशीही सुरू झालेली असते. आणि मग लक्षांत येतें कीं, सारें कांहीं एका चिमुकल्या चौकटीपाशीं अडलें आहे. साडेतीन सेंटिमीटर रुंद व साडेचार सेंटिमीटर उंच अशा त्या चौकटींत मुलाचा चेहरा नीट बसल्याशिवाय पासपोर्ट नाहीं, पासपोर्टाशिवाय व्हिसा नाहीं, आणि व्हिसाशिवाय बापलेकांची भेट नाहीं.

एके काळीं ही अडचण नव्हती. पासपोर्टावर छायाचित्र लावण्याची सक्तीच मुळीं पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत, सन १९१४-१५ च्या सुमारास, इंग्लंड-अमेरिकेंत सुरू झाली. त्यानंतरही कित्येक वर्षें तान्ह्या मुलाचें नांव आईच्या किंवा बापाच्या पासपोर्टांत लिहून घेतलें कीं काम भागत असे. ब्रिटननें ही सवलत सन १९९८ मध्यें बंद केली. युरोपीय संघांत सन २०१२ पासून प्रत्येक मुलाला स्वतःचा पासपोर्ट लागूं लागला. भारतांतही आज पाळण्यांतील मुलाला निराळा पासपोर्ट काढावा लागतो. त्याची मुदत पांच वर्षांची असते. दोन महिन्यांच्या मुलाचा चेहरा पांच वर्षांनीं तसाच राहील असें कोणीही मानीत नाहीं, आणि साडेचार वर्षांच्या मुलाचा पासपोर्ट पाहणारा अधिकारीही बहुधा मनांतल्या मनांत हसत असावा; परंतु नियम तो नियम.

हा नियम कोणासाठीं केला आहे, हें एकदां ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांतील कडकपणाचें आश्चर्य वाटत नाहीं. मॉन्ट्रियल येथें आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना म्हणून संस्था आहे. पासपोर्ट कसा असावा याचे संकेत ती ठरविते. त्या संकेतांप्रमाणें छायाचित्र केवळ माणसानें पाहावयाचें नसून यंत्रानेंही पाहावयाचें असतें. दोन डोळ्यांमधील अंतर, नाकाची रेषा, हनुवटीची कड हीं यंत्र मोजतें. गालावर सांवली पडली तर त्याला कड सांपडत नाहीं. मान कलली तर माप चुकतें. म्हणून चेहरा समोर, डोळे उघडे, तोंड मिटलेलें, पार्श्वभूमि कोरी. प्रौढ माणसाला ‘सरळ बसा, हलूं नका’ असें सांगतां येतें. तान्ह्या मुलाला सांगण्याची सोय नाहीं. तेव्हां मुलाला वळण लावण्याच्या खटपटींत न पडतां त्याच्या भोंवतींची व्यवस्था अशी करावयाची कीं, तें एक क्षणभर आपण होऊन नियमांत बसेल, आणि तो क्षण टिपावयाचा. या कामाचें मर्म एवढेंच आहे.

येथें एक फसगत वारंवार होते. पासपोर्ट सेवा केंद्रांत मोठ्या माणसांचें छायाचित्र तेथल्या तेथें घेतात. त्यावरून मुलाचेंही घेतील अशा समजुतीनें आईबाप रिकाम्या हातीं जातात. चार वर्षांच्या आंतील मुलाचें छायाचित्र मात्र घरूनच न्यावें लागतें. तें अलीकडचें, पांढऱ्या पार्श्वभूमीवरील व वर सांगितलेल्या मापाचें असावें. मुलालाही बरोबर न्यावें लागतेंच. परदेशांतील भारतीय वकिलातींतून अर्ज करणाऱ्यांसाठीं १ सप्टेंबर २०२५ पासून नियम अधिक कांटेकोर झाले असून, चित्राचा शेंकडा ८० ते ८५ भाग चेहऱ्यानें व्यापलेला असावा असें त्यांत म्हटलें आहे.

इतर देशांनीं तान्ह्या मुलांना थोडी सूट दिली आहे. ब्रिटनच्या पासपोर्टासाठीं एक वर्षाच्या आंतील मुलाचे डोळे उघडे नसले तरी चालतात, आणि सहा वर्षांच्या आंतील मुलानें नेमकें समोरच पाहिलें पाहिजे असा आग्रह नाहीं. अमेरिकेंतही तान्ह्या मुलाचे डोळे पुरते उघडे नसल्यास हरकत घेत नाहींत. परंतु चित्रांत दुसरें कोणी दिसतां कामा नये, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच; आधार देणारा आईचा हात देखील नको. भारतीय पासपोर्टासाठीं चित्र काढणाऱ्यानें या सवलतींवर विसंबूं नये. उघडे डोळे व समोर नजर हेंच उद्दिष्ट ठेवावें.

सहा महिन्यांच्या आंतील मुलासाठीं सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्याला उताणें निजवून वरून चित्र घेणें. तीन-चार महिन्यांपर्यंत मुलाची मान धरलेली नसते. त्याला बसवून चित्र काढूं पाहणें हा मुलाचा छळ आणि वेळेचा अपव्यय आहे. जमिनीवर सतरंजी घालावी व तिच्यावर कोरी पांढरी चादर, इस्त्री करून, चारी बाजूंनीं ताणून पसरावी. चादरीची एक सुरकुती चित्रांत काळ्या रेघेसारखी उमटते. गुबगुबीत मुलांची हनुवटी छातींत रुतते. त्यासाठीं चादरीच्या खालून, खांद्यांच्या बरोबर खालीं, पातळ पंचाची एक घडी सरकवावी. मान किंचित् मोकळी होते व डोकेंही इकडे तिकडे कलत नाहीं. मुलाच्या अंगांत पांढरें झबलें नसावें, कारण पांढऱ्यावर पांढरें मिसळून खांदे नाहींसे होतात. निळें, हिरवें किंवा तांबडें चालेल. टोपडें, कुंची व दुपटें हीं बाजूला ठेवावींत.

प्रकाशासाठीं खिडकीइतकें चांगलें साधन नाहीं. मात्र थेट ऊन नको. मुलाचे पाय खिडकीकडे असावेत, म्हणजे दोन्ही गालांवर प्रकाश सारखा पडतो. खिडकी एका बाजूला राहिली तर एक गाल उजळ व दुसरा काळा दिसतो. बहुतेक चित्रें बिघडतात तीं मात्र निराळ्याच कारणानें. छताचा दिवा लावलेला असतो, चित्र घेणारा मुलावर ओणवा होतो, आणि त्याची स्वतःचीच सांवली मुलाच्या तोंडावर पडते. मुलाकडे पाहण्याच्या नादांत ती कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. म्हणून छताचा दिवा विझवावा आणि खिडकीची बाजू मोकळी ठेवून दुसऱ्या बाजूनें वांकावें. फ्लॅशचा झोत टाळावा. त्यानें मूल दचकतें, शिवाय बुबुळें तांबडीं दिसतात.

मोबाईल मुलाच्या तोंडाशीं नेण्याचा मोह फार जणांना होतो. जवळून घेतलेल्या चित्रांत नाक मोठें व कान लहान दिसतात. आरशाऐवजीं चकचकीत लोट्यांत तोंड पाहावें तशांतला प्रकार. सुमारें एक मीटर अंतर राखावें, कॅमेरा चेहऱ्याशीं समांतर धरावा व भोंवतालचा अधिक भाग मागाहून कापून टाकावा. आणखी एक गोष्ट अशी कीं, समोर जें येईल तें सरासरीनें करड्या रंगाचें आहे अशी कॅमेऱ्याची समजूत करून दिलेली असते. सभोंवार पांढरी चादर दिसली कीं, प्रकाश फार झाला असें मानून तो सारेंच चित्र काळपट करतो, आणि पांढरी चादर राखेच्या रंगाची होते. अशा वेळीं पडद्यावर मुलाच्या चेहऱ्यावर बोट टेकवून प्रकाश थोडा वाढवावा.

वेळेची निवड ही घरांतील बायकांवर सोंपवावी हें उत्तम. आपल्याकडे सकाळीं तेल लावून, ऊन पाण्यानें न्हाऊ घालून, धुरी देऊन मुलाला निजवितात. न्हाऊन आलेलें मूल स्वच्छ दिसतें म्हणून पुरुषमंडळी त्याच वेळीं कॅमेरा घेऊन सज्ज होतात. पण तेव्हां मूल झोपेला आलेलें असतें आणि तेलानें त्याचें कपाळ चमकत असतें. त्या झोपेंतून उठून, पोटभर दूध पिऊन, ढेंकर काढल्यानंतरचा जो अर्धा तास, तो खरा कामाचा. त्या वेळीं मूल शांत पडून टकमक पाहत असतें. नुकत्या जन्मलेल्या मुलाला वीस ते तीस सेंटिमीटरपलीकडचें स्पष्ट दिसत नाहीं, परंतु आईचा आवाज तें ओळखतें. आईनें कॅमेऱ्याच्या लगत तोंड आणून हळू आवाजांत बोलत राहावें. पहिल्या कांहीं महिन्यांत मुलाचा एखादा डोळा मधूनच भलतीकडे वळतो. घाबरूं नये, पुढच्या चित्रांत तो जागेवर येतो. एका बैठकींत चाळीस-पन्नास चित्रें घ्यावींत. त्यांतून एक हातीं लागलें तरी पुरे. मूल रडूं लागलें तर त्या दिवसापुरतें काम थांबवावें. रडून सुजलेला चेहरा तासाभरांत निवळत नाहीं.

सहा महिन्यांनंतर मूल निजवलें कीं पालथें पडतें, आणि मग वरील युक्ति निकामी होते. त्या वयांत आईनें खुर्चीवर बसावें, स्वतःच्या अंगावरून गळ्यापासून पायांपर्यंत पांढरी चादर घ्यावी आणि चादरीच्या आंतून मुलाची कंबर धरून त्याला मांडीवर बसवावें. आईचा चेहरा अर्थात् चौकटीबाहेर राहील अशी दक्षता हवी. खुळखुळा भिंगाच्या मागें एकदांच वाजवून थांबवावा. पहिल्या आवाजासरशीं मूल स्तब्ध होऊन पाहतें. वाजवीतच राहिलें तर हसूं लागतें किंवा कंटाळतें. चोखणी मुलाच्या तोंडांत नसावी हें सांगावयास नकोच.

छापण्यासाठीं फोटोच्या दुकानांत जावें लागतें, आणि तेथें एक धोका असतो. दुकानदार कौतुकानें मुलाला गोरें करून देतो, गालावरचा डाग पुसतो, पार्श्वभूमि संगणकावर कापून बदलतो. कापतांना कानाची पाळी किंवा जावळही नाहींसें होतें. असें सुधारलेलें चित्र नाकारलें जाण्याचा संभव असतो, आणि मुलाचा स्वतःचा रंग बदलण्याचा अधिकार दुकानदाराला कोणीं दिला, हाही प्रश्न आहेच. चित्र जसें आहे तसेंच छापावें, असें त्याला स्पष्ट सांगावें.

राहतां राहिला आजीचा प्रश्न. चित्र काढण्यापूर्वीं काजळ व तीट पुसावयाची म्हटलें कीं घराघरांतून वाद होतो. काजळानें डोळ्यांची कड बदलते. तीट तर यंत्राला व अधिकाऱ्याला जन्मखुणेसारखी वाटूं शकते. (डोळ्यांत काजळ घालूंच नये असें डॉक्टर सांगतात, पण तो वाद येथें नको.) इतके लोक बघणार, सरकारदरबारीं चेहरा जाणार, आणि अशा वेळींच तीट नाहीं, ही आजीची तक्रार तिच्या परीनें सयुक्तिकच असते. तोड जुनीच आहे. तीट तळपायाला लावावी. पासपोर्टाची चौकट खांद्यांशीं संपते. तेवढ्या खालीं कोणी पाहत नाहीं.

मूळ चित्र, न कापलेलें, जपून ठेवावें व त्यांत डोक्याभोंवतीं चारी बाजूंना पांढरी जागा भरपूर राखलेली असावी. कारण पासपोर्ट हातीं आल्यावर व्हिसाचें काम निघतें आणि त्याचें माप निराळें असतें. अमेरिकेच्या व्हिसासाठीं दोन इंच लांब व दोन इंच रुंद असा पुरता चौरस लागतो. साडेतीन बाय साडेचारच्या मापांत आधींच कापून टाकलेल्या चित्रांतून तो निघत नाहीं, आणि चादर पुन्हां ताणावी लागते.