पवनचक्की कोठे उभारावी?

देवळाली कॅम्पमध्ये लॅम रोडच्या झाडीत झुळूकही जाणवत नाही, अशा वेळी मोकळ्या माळावर मात्र डोक्यावरची टोपी सांभाळावी लागते. पवनचक्कीचे सारे गणित या परिचित भेदावरच उभे आहे.

वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते; निम्मा झाला की एक अष्टमांश उरते. म्हणून केवळ सरासरी वेग पाहणे फसवे ठरते. समजा, एका गावी दिवसभर सेकंदास 6 मीटर वेगाने वारा वाहतो. दुसऱ्या गावी अर्धा दिवस 3 व अर्धा दिवस 9 मीटर वेगाने. सरासरी दोहोंकडे 6 च. परंतु पहिल्या गावी घन 216 येतो, तर दुसऱ्या गावी 27 व 729 यांची सरासरी 378 येते. घनाच्या पाठात हे उदाहरण फळ्यावर अवश्य सोडवून घ्यावे.

ही सर्व शक्ती चक्कीच्या हाती लागत नाही. तिच्या 59.3 टक्क्यांहून अधिक भाग कोणत्याही चक्कीस घेता येत नाही, असे जर्मन शास्त्रज्ञ आल्बेर्ट बेट्झ यांनी 1919 साली दाखविले. वारा पूर्णपणे अडविला, तर मागून येणाऱ्या हवेस वाटच उरणार नाही.

आता जागेचा विचार. जमिनीलगतचा वारा घर्षणाने मंदावतो. मोकळ्या सपाटीवर 10 मीटरांऐवजी 50 मीटर उंची गाठली, तर वेग सुमारे सव्वापट व शक्ती जवळजवळ दुप्पट होते. झाडे व इमारती यांच्यामागे त्यांच्या उंचीच्या पंधरा-वीस पट अंतरापर्यंत हवेत भोवरे राहतात. देवळालीच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 5 टक्के विरळ असते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर ती याहून विरळ आहे. तरीही तेथे पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, कारण पावसाळ्यातील नैर्ऋत्य वारे सह्याद्रीच्या माथ्यावर वेग घेतात. वेगाचा लाभ विरळपणाच्या तोट्यास पुरून उरतो.

सबब, लोकवर्गणीतून शाळेच्या छपरावर चक्की बसविण्याची कल्पना गावात निघाल्यास शिक्षकांनी आधी वर्षभर नोंद ठेवण्याचा आग्रह धरावा. वर्गणी एकदाच जमते; आडोशाला उभारलेली चक्की मात्र वर्षानुवर्षे गावाचा हिरमोड करीत राहते. तोवर दोन उंच बांबूंस फडक्याच्या पट्ट्या बांधून एक झाडीजवळ व दुसरा माळावर रोवावा आणि मुलांकडून रोज सकाळ, दुपार व सायंकाळ निरीक्षणे लिहवून घ्यावीत. वेगाचे अंक पट्टी देणार नाही, त्यासाठी वेगमापक हवाच. परंतु जागेजागेचा फरक मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील.