समुद्र हटला, बेट शेतात उभे राहिले
हॉलंडमध्ये शिकणाऱ्या मुलांबरोबर एक दिवसाची सहल

आपल्या खेड्यापाड्यांतली मुलेमुली आता शेतीच्या वरच्या शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. हॉलंड, म्हणजेच नेदरलँड्स देशात, वाखेनिंगन नावाचे गाव आहे. तिथल्या शेतकी शाळेला १९१८ साली उच्च शिक्षणाचा दर्जा मिळाला. आज ते शेतीचे जगप्रसिद्ध विद्यापीठ आहे. अभ्यास, प्रयोगशाळा हे तर असतेच. पण सुटीच्या दिवशी निरनिराळ्या देशांची मुले मिळून बस ठरवतात, ब्रेड-चीजची शिदोरी बांधतात आणि जुनी ठिकाणे पाहायला निघतात. चला, आज आपणही त्यांच्या मागच्या बाकावर बसू.

बस उत्तरेला निघते. वाटेत आयसेल नदीकाठचे कांपेन हे जुने शहर लागते. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

बंदर आहे, पाणी नाही

कांपेन मागे पडले की सपाट रान सुरू होते. बटाटा, कांदा, गहू, साखरेचे बीट, आणि वसंतात ट्युलिपची रंगीत फुले. डोंगर नाही, टेकडी नाही. अशा रानात मध्येच एक लांबट उंचवटा दिसतो. त्यावर झाडे, एक जुने चर्च, लाकडी मेढींची भिंत. उत्तर टोकाला होड्या बांधायचे बंदर. पण बंदरापुढे समुद्र नाही, शेत आहे!

हे स्खोकलंड. एकेकाळी हे भर समुद्रातले बेट होते. आज त्याच्या चारी बाजूंनी ट्रॅक्टर फिरतात. १९९५ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या देशाचे हे यादीतले पहिलेच स्थळ.

आपल्याकडे उजनी धरणाच्या पाण्यात पळसदेवचे जुने देऊळ गेले. पाणी ओसरले की ते वर येते आणि लोक पाहायला जातात. तिथे गावावर पाणी आले. इथे गावाभोवतीचे पाणी गेले. कथा उलटी असली, तरी गाव सोडणाऱ्यांचे दुःख दोन्हीकडे सारखेच.

सरकारी हुकूम आणि साडेसहाशे माणसे

स्खोकलंडचे लोक मासेमारीवर जगत. समुद्र दरवर्षी बेटाची कड खात होता. जमीन इतकी कमी उरली की लोक मातीच्या मोजक्या टेकाडांवर दाटीने राहत. १८२५ सालच्या वादळाने मोठी हानी केली. तरी त्यांनी १८३४ साली नवे चर्च बांधले. मुले आज पाहतात ते हेच. पण गरिबी वाढत गेली आणि बेट राखायचा खर्च सरकारला जड झाला. अखेर राजा तिसरा विलेम याच्या काळात, १८५९ साली, बेट खाली करण्याचा हुकूम निघाला. सुमारे साडेसहाशे माणसे उठली. घरे मोडली गेली. काही कुटुंबे कांपेनला गेली. सकाळी बसमधून पाहिले तेच हे कांपेन.

ज्यांचे गाव कोयनेत, जायकवाडीत किंवा उजनीत गेले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

समुद्राला बांध

पुढे १९१६ साली याच समुद्राला, झाउडर झे त्याचे नाव, मोठा पूर आला. कोर्नेलिस लेली या इंजिनिअरने समुद्राचे तोंडच बांधाने बंद करण्याची योजना आधीच आखून ठेवली होती. पुरानंतर, १९१८ साली, तिचा कायदा झाला. १९३२ साली ३२ किलोमीटर लांबीचा बांध पुरा झाला. खाऱ्या समुद्राचे हळूहळू गोडे तळे झाले. मग त्या तळ्याच्या एका भागाला वेगळा बांध घालून, पंपांनी पाणी उपसून, १९४२ साली सुमारे ४८ हजार हेक्टर जमीन कोरडी केली. स्खोकलंड त्यातच आले. समुद्राच्या तळातून जुन्या जहाजांचे सांगाडे निघाले.

ही जमीन कसायला सरकारने शेतकरी पारखून निवडले. नुसता नांगर धरता येतो का, एवढेच पाहिले नाही. तपासनीस घरी जात आणि घरातली टापटीपही पाहत. म्हणजे घरधनिणीचीही परीक्षाच! मधोमध एक गाव वसवले आणि भोवती सायकलच्या अंतरावर दहा खेडी. मधल्या गावाला एमेलोर्ड आणि एका खेड्याला एन्स ही नावे दिली. बेटावरच्या उठलेल्या वस्त्यांचीच ही नावे. माणसे परत आली नाहीत, नावे तेवढी परत आली.

एका मिनिटात एकरभर पाणी

शिदोरी खाऊन मुले पुन्हा बसमध्ये बसतात. साधारण अर्ध्या तासावर लेमर गाव. तिथे वाऊडा नावाचे वाफेवर चालणारे पंपघर आहे. १९२० साली राणी विल्हेल्मिना हिने ते सुरू केले. शेजारच्या फ्रीसलंड प्रांतात साठलेले पावसाचे पाणी तळ्यात टाकणे, हे त्याचे काम. ते मिनिटाला ४० लाख लिटर पाणी उपसते. आपल्या हिशेबात सांगायचे, तर एकरभर रानात कमरेएवढे पाणी चढेल, तेवढे एका मिनिटात! रोजचे काम आता विजेचे पंप करतात. पण पाणी फारच चढले की हे म्हातारे पंपघर आजही पेटवतात. तेही १९९८ पासून जागतिक वारशात आहे. कोणी म्हणेल, जुने ते भंगार. इथे जुने ते अडीअडचणीला धावून येते.

फावडे रोवले की जमीन गेली

आता मुख्य गोष्ट. या देशाची बरीच जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. पंप थांबले की पीक बुडेल, मग घरही बुडेल. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे नैर्ऋत्य भागातले बांध फुटले आणि १,८३६ माणसे गेली. म्हणून पाणी हा तिथे एकट्याचा विषय कधीच नव्हता. तेराव्या शतकापासून तिथे पाणी मंडळे आहेत. आज ती २१ आहेत. लोक त्यांना निवडून देतात, कर भरतात आणि बांध, कालवे, पंप राखले जातात.

जुन्या काळी समुद्राकाठच्या भागात एक कडक रीत होती. प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला बांधाचा तुकडा असे. ज्याला तो राखणे झेपेना, त्याने बांधावर फावडे रोवायचे आणि जमीन सोडून निघायचे. जो ते फावडे उपसेल, त्याची ती जमीन आणि बांधाची जबाबदारीही त्याचीच. कठोर खरी, पण एकाचा कच्चा बांध म्हणजे साऱ्या गावावर संकट, हे त्यामागचे शहाणपण.

आपल्यालाही ही जाण नवी नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत चालत आली. बंधारा सर्वांचा, पाटाची डागडुजी सर्वांची, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांच्याकडे पाणी घालवायची चिंता, आपल्याकडे ते पुरवायची. युक्ती एकच, मिळून राखणे.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरचे कोणी परदेशी शिकत असेल, तर फोनवर नुसते "जेवलास का?" एवढेच विचारू नका. "या सुटीत काय पाहिलेस? ते कोणी बांधले? आज ते कोण राखतो?" हेही विचारा. आणि शाळेची सहल जेव्हा निघेल, तेव्हा गुरुजींना सांगा, एक दिवस आपल्याच भागातला जुना बंधारा, बारव किंवा पाट दाखवा. जाताना मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्या. पाटात साठलेला गाळ दिसला, तर पुढच्या खेपेला फावडेही द्यायला हरकत नाही. आपल्याकडे ते गाळ काढायला लागेल, जमीन सोडायला नव्हे.