काळूच्या माथ्यावरची घळ

कल्याणच्या गांधारी पुलाखालून पावसाळ्यात जे गढूळ पाणी खाडीकडे धावतं, त्यातलं थोडं सह्याद्रीतल्या एका अरुंद घळीतून आलेलं असतं. साम्रद गावाजवळची ही सांदण दरी अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात सुरू होते आणि ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, डेहणे गावाच्या बाजूला उतरते. तिचं पाणी काळू नदीच्या खोऱ्यात येतं आणि काळू कल्याणजवळ उल्हासला मिळते. थंडीत विठ्ठलवाडी, अंबरनाथ, बदलापूरहून शनिवारी रात्री गाड्या निघतात त्या या दरीसाठी. जाणारे तिला ‘महाराष्ट्राचं ग्रँड कॅनियन’ म्हणतात. पण ही घळ आपल्याच नदीच्या माथ्यावर आहे, ही गोष्ट मला त्या नावापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

विठ्ठलवाडीहून साम्रद दीडशे किलोमीटरच्या आसपास. कल्याणमधून गांधारी पूल ओलांडायचा, बापगावमार्गे पडघ्याला नाशिक महामार्ग गाठायचा, मग शहापूर, खर्डी, कसारा, इगतपुरी, घोटी. आता आमणे ते इगतपुरी हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही 5 जून 2025 पासून खुला झाला आहे आणि चारचाकी सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून डोंगराच्या पोटातून थेट पलीकडे निघते. वेळ वाचतो, यात वाद नाही. तरीही सांदणला जाताना निदान एकदा जुन्या कसारा घाटानेच चढावं, तेही उजेडात, असा माझा आग्रह आहे. सांदण ज्या दगडात कोरली गेली आहे तो दगड घाटात रस्त्याच्या कडेला उघडा पडला आहे. बोगद्यात यातलं काहीच दिसत नाही.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा वर येऊन पसरत राहिला. एकावर एक थर साचले. आज दख्खनचा हा काळा कातळ जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे आणि अलीकडच्या कालमापनानुसार त्यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. भूशास्त्रज्ञांनी या थरांचे गट पाडले आणि त्यांना जवळच्या गावांची नावं दिली : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर. या पाचांना मिळून कळसूबाई उपगट म्हणतात. बदलापूरच्या पुढे लोकलने रोज ज्या नेरळवरून माणसं जातात, ते नाव जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत छापलेलं आहे, हे आपल्याकडच्या शाळांत सांगायला हवं. कसारा घाटाचं जुनं नाव थळघाट. या भागात काही थर असे सापडतात की काळ्या दगडात बोटाएवढे लांब, पांढुरके स्फटिक विखुरलेले दिसतात. लाव्हा वर येण्याआधी जमिनीखाली बराच काळ मुक्कामाला होता, म्हणून ते इतके वाढले.

घोटीला महामार्ग सुटला की थंडी जाणवायला लागते. समुद्रसपाटीला लागून असलेल्या उल्हासनगरातून आपण साडेसातशे-आठशे मीटर उंच घाटमाथ्याकडे चढत असतो. हजार मीटरमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे नुसत्या उंचीनेच पाच अंश गेले. त्यात डिसेंबरचं निरभ्र आकाश. ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते आणि गार, जड हवा उतारावरून खोलगट भागात येऊन साचते. बारी गावाच्या पुढे भंडारदरा धरणाच्या कडेने जाताना पहाटे धुक्याचा पट्टा नेमका पाण्यावर आणि भातखाचरांवर बसलेला दिसतो तो यामुळेच. पारा दहाच्या खाली जातो. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून आदल्या दिवशी घेतलेलं पातळ जाकीट इथे पुरत नाही. कानटोपी, जाड मोजे आणि अंथरायला जाड काहीतरी हवंच, कारण तंबूतली थंडी खालून, जमिनीतून येते.

शेंडीला भंडारदऱ्याचं विल्सन धरण लागतं. 1926 मध्ये ते पूर्ण झालं; उंची सुमारे 82 मीटर. तिथून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर असा जलाशयाला वळसा घालत रस्ता साम्रदला येतो. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, 1986 मध्ये घोषित झालेला, 361.71 चौरस किलोमीटरचा. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. शेती भात, नागली, वरईची. इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. त्यांना 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. घाटमाथा आणि ठाणे यांचा संबंध इतका जुना आहे.

साम्रदला थांबून चारही बाजूंना नीट बघावं. पूर्वेला पडलेला पाऊस प्रवरेत जातो, प्रवरेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. पश्चिमेला पडलेला कड्यावरून कोसळतो आणि काळू-उल्हासमधून अरबी समुद्राला मिळतो. घाटघर परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तेव्हा ही विभागणी किरकोळ नाही. माणसाने या उताराचाही उपयोग करून घेतला आहे. घाटघरच्या 250 मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पात विजेची गरज असते तेव्हा वरच्या धरणातलं पाणी चारशे मीटरहून अधिक खाली, शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याजवळच्या धरणात सोडतात आणि गरज कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात.

आणि सांदण? गावापासून थोडं चालल्यावर सपाट जमीन एकाएकी फाटलेली दिसते. दगडधोंड्यांतून आत उतरायचं. सुरुवातीलाच पाण्याची कुंडं आहेत, पावसानुसार गुडघाभर ते कमरेपर्यंत. थंडीत सकाळी त्यात पाय घातला की क्षणभर श्वास अडकतो. घळीच्या तळाशी ऊन दिवसातून थोडाच वेळ पोहोचतं, त्यामुळे ते पाणी तापायला सवडच मिळत नाही. दोन्ही बाजूंना दोन-अडीचशे फूट सरळ भिंती. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडे कातळाला टेकतात. डोंगर थिजलेल्या लाव्ह्याच्या थरांचा, पोळ्यांच्या चवडीसारखा, आणि त्या चवडीला वरून खाली गेलेली एक चीर. थरांना आडव्या जाणाऱ्या अशा उभ्या भेगा सह्याद्रीत पुष्कळ आहेत. पाणी नेहमी दुबळी जागा शोधतं. दरवर्षी चार महिने धोधो वाहणाऱ्या ओढ्याने ही भेग खोदत नेली, वरून सुटलेले धोंडे घासत, ढकलत नेले. तळात आज गाडीएवढे धोंडे अडकले आहेत ते त्याच कामाचे. पुढे घळ उतरत जाते, दोर लावल्याशिवाय उतरता येत नाहीत असे कातळटप्पे येतात, आणि समोर आजोबाचा डोंगर उभा राहतो.

ग्रँड कॅनियनशी तुलना करायचीच तर फरक आधी सांगावा. अमेरिकेने 1919 मध्ये राष्ट्रीय उद्यान केलेली ती दरी 446 किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल आहे. कोलोरॅडो ही बारमाही नदी ती कापते आणि तिथले थर बहुतेक समुद्राच्या गाळाचे व वाळूचे, कोट्यवधी वर्षं साचत गेलेले. सांदणचं नातं त्या भागातल्याच अरुंद, वाळूच्या दगडातल्या घळींशी अधिक जुळतं. 12 ऑगस्ट 1997 रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस त्यांच्या डोक्यावर नव्हता, कित्येक किलोमीटर लांब पडला होता. पावसाळ्यात, वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसाची शक्यता असताना सांदणमध्ये उतरू नका असं गावातले वाटाडे सांगतात, ते मुकाट्याने ऐकावं. ‘आशियातली दुसरी सर्वांत खोल दरी’ ही बिरुदावली मात्र टाकून द्यावी. हिमालयात काली गंडकी आणि त्सांगपो यांच्या दऱ्या हजारो मीटर खोल आहेत. सांदणला असल्या उसन्या मोठेपणाची गरज नाही.

परतताना रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर जरूर बघावं. काळ्या पाषाणातलं, भूमिज शैलीचं शिखर. शिखराच्या अंगावर छोट्या शिखरांच्या रांगा चढत गेलेल्या. आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर याच शैलीचं, शके 982, म्हणजे इसवी सन 1060 च्या शिलालेखाचं, शिलाहार मुम्मुणीच्या काळातलं. दगड तोच. रतनवाडीच्या मंदिरामागे रतनगड आहे, जिथे प्रवरा उगम पावते, आणि पाणी स्वच्छ आहे. अंबरनाथच्या मंदिराशेजारून वालधुनी वाहते, तीच पुढे उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीतून जाते, आणि तिच्यात कारखान्यांनी सोडलेल्या रसायनांचा वास नाक धरायला लावतो. हजार वर्षांपूर्वी कोरणाऱ्यांनी मंदिरासाठी नदीकाठ निवडला होता. रतनवाडीहून थेट परत आलं की हा फरक जास्त झोंबतो.

दोराने घळ उतरणारे डेहण्याला बाहेर पडतात. ज्यांना माघारी जायचं ते करोली घाटाच्या जुन्या पायवाटेने साम्रदला चढतात. डेहण्याहून डोळखांबमार्गे आसनगाव स्टेशन, तिथून लोकल. जाणारे बहुतेक जण इथे फक्त गाडी शोधतात. पण प्रवासाचा खरा विषय इथून सुरू होतो. पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कड्याच्या पायथ्याशी, शहापूर तालुक्यात, दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतात. याच तालुक्यात मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं आहेत. तानसा 1892 पासून देते आहे. बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात आणि तालुक्यातूनच पाण्याच्या प्रचंड नळवाहिन्या शहराकडे जातात. लाव्ह्याचा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही हे खरं. पण धरणाच्या पाण्यावर आधी हक्क कोणाचा, हे कातळाने ठरवलेलं नाही.

मुरबाड तालुक्यात काळू नदीवरच आणखी एक धरण मुंबई महानगर प्रदेशासाठी योजलं गेलं. वनखात्याची परवानगी नसताना काम सुरू झालं, आदिवासी गावांनी संघटना करून विरोध केला आणि 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम थांबवलं. पाणी ज्या शहरांसाठी हवं होतं त्यांत आपण आहोत. डिसेंबरच्या थंडीत सांदणला जाणाऱ्या प्रत्येक गटाने एकदा एप्रिल-मेमध्ये डेहण्याच्या बाजूने यावं, दरीसाठी नव्हे, विहिरी बघण्यासाठी. आणि काळूच्या धरणाची चर्चा पुन्हा निघेल तेव्हा नगरपालिकेच्या सभागृहात त्या विहिरींबद्दल बोलावं.