रात्रीची उजळणी

शिरूरच्या बेट भागात ऊस भिजवायला शेतकरी मध्यरात्री उठतो, कारण शेतीपंपाची थ्री फेज लाइट पाळीपाळीने कधी दिवसा येते, कधी रात्री. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं. सरी भरली की माती ओढून तिचं तोंड बंद करायचं, पुढचीचं फोडायचं, आणि सगळा वेळ कान बिबट्याच्या चाहुलीकडे. रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांत रात्रपाळी, दौंड जंक्शनवर रात्रभर गाड्यांची ये-जा. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत जागरण पोटापाण्याला बांधलेलं आहे. त्याचा हिशेब आपण अंगदुखीत आणि थकव्यात मांडतो. शिकलेलं किती टिकलं, हेही त्यात धरायला हवं, कारण शिकलेलं झोपेत पक्कं होतं.

मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन या संशोधकांनी १९९४ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचे संदेश टिपले. स्मृती घडवणारा हा मेंदूचा भाग. उंदीर फिरत असताना ज्या पेशी जोडीने चेतत होत्या, त्याच नंतर गाढ झोपेत पुन्हा जोडीने चेतल्या. पुढच्या प्रयोगांत क्रमही तोच दिसला आणि वेग कितीतरी पट जास्त. ही उजळणी ‘रिपल’ नावाच्या, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या लहरींत होते. २००९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी झोपलेल्या उंदरांच्या या लहरी मधेच तोडल्या. झोप मिळूनही ते उंदीर वाट शिकण्यात मागे पडले.

माणसांवरचा प्रयोग २००७ मधला, जर्मनीतला. पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा पाठ करताना गुलाबाचा वास दिला आणि गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला. सकाळी सुमारे ९७ टक्के जागा आठवल्या. झोपेत वास न देता सुमारे ८६ टक्के.

या उजळणीच्या काळात मेंदूची जोडणीही बदलते. न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायला शिकलेल्या उंदरांच्या चेतापेशींवर झोपेनंतर नवे अंकुर दिसले. जागं ठेवलेल्यांत ते कमी होते. उलट २०१७ च्या एका अभ्यासात झोपेनंतर पेशींमधले सांधे सरासरी १८ टक्क्यांनी आकसलेले आढळले. कामाचं घट्ट करायचं आणि बाकीचं सैल सोडायचं, या दोन्हींचा मेळ कसा बसतो यावर अजून वाद चालू आहे. झोपेवाचून शिकणं अर्धवट राहतं, यावर मात्र बहुतेकांचं एकमत आहे.

म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पाठांतर करणं तोट्याचं. नवं यंत्र शिकणाऱ्या कामगाराला त्याच आठवड्यात रात्रपाळी लावणंही तसंच. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिचं मोल एरवी विंचूकाट्याच्या आणि बिबट्याच्या भीतीत सांगितलं जातं. रात्री वडिलांबरोबर दारं धरायला जाणारं पोर सकाळी वर्गात बसतं, तेव्हा आदल्या दिवशीचा धडा त्याच्या हातून निसटत असतो. दिवसा विजेच्या मागणीच्या प्रत्येक निवेदनात या पोराच्या झोपेचं कलम असलंच पाहिजे.